भांड्यासकट वजन

काटेवाल्याकडे तुम्ही काहीही तोलायला न्या, तो आधी रिकामं भांडं मागायचा. माल राहू द्या बाजूला. एका पारड्यात भांडं, दुसऱ्यात तेवढ्याच भाराचे शिशाचे छर्रे, काटा मधोमध आला की मगच माल. याला धडा करणं म्हणतात. धडा न करता तोलणारा माणूस त्याच्या लेखी चोर तरी नाहीतर बावळट तरी. "भांड्यासकट वजन सांगतो त्याच्या हातचं पाणी पिऊ नये," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि चारचौघं माना डोलवायची, कारण त्यातल्या तिघांचे काटे त्याच्याकडे दुरुस्तीला असायचे.

बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं भाड्याचं दुकान. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचं. भिंतीला खिळ्यांवर तराजूच्या दांड्या, साखळ्या, स्प्रिंगकाट्यांच्या गोल तबकड्या. खालच्या फळीवर पोट फाडून ठेवलेले इलेक्ट्रॉनिक काटे. आणि टेबलाच्या मागे, हात पोचेल तिथे, लाकडी पेटीत बसवलेली पितळेची प्रमाण वजनं. पाच किलोच्या गड्ड्यापासून चिमटीत धरायच्या ग्रॅमपर्यंत, प्रत्येकाला मखमलीत आपापला खड्डा. दुसऱ्याचा काटा खरा की खोटा हे त्या पेटीवरून ठरायचं. पेटी गेली तर दुकानात नुसता पत्रा उरला असता.

एकुलत्या लेकीला तो 'गुंज' म्हणायचा. जन्मली तेव्हा एवढीशी होती की दवाखान्यातल्या नर्सने काट्यावर ठेवली तरी त्याचा विश्वास बसेना. "काटा तपासलाय का?" असं त्याने बाळंतिणीच्या खोलीत विचारलं होतं, आणि बायकोने तिथूनच, पडल्यापडल्या, "अहो, पोर बघा आधी!" म्हणून झापलं होतं.

ही गुंज आता अठरा वर्षांची झाली आणि तिला हवामानशास्त्रात प्रवेश मिळाला. विद्यापीठ रेल्वेने नऊ तासांवर. बातमी आली तेव्हा काटेवाला दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "आम्ही बटाटे तोलण्यात जन्म घालवला. पोरगी आभाळ तोलणार."

फी भरायची तर सरकारी विद्यार्थी कर्ज काढावं लागणार हे पहिल्यापासून ठरलेलंच होतं. अर्ज घरी जेवणाच्या टेबलावर, मोबाइलवर भरला. गुंज विचारत गेली, आईबाप सांगत गेले. आई शाळेच्या ग्रंथालयात काम करायची, तिच्या पगाराचा कागदच होता: वर्षाला दोन लाख दहा हजार. मग गुंजेने विचारलं, "बाबा, तुमचं वर्षाचं उत्पन्न?"

काटेवाल्याने वही आणली. ज्या उस्तादाकडे तो धंदा शिकला, त्याची शिकवण होती: हातात आलं ते लिही. गेलेलं लिहून काय करायचं, गेलं ते गेलं. म्हणून सत्तावीस वर्षं त्याच्या वहीत फक्त आलेली रक्कम उतरत होती. सेन्सर, बॅटऱ्या, स्प्रिंगा, दुकानभाडं, वजनमापं खात्याची शिक्क्याची फी, असल्या गेलेल्या पैशांच्या पावत्या खिळ्याजवळच्या एका तारेत टोचून ठेवायच्या. तार भरली की वर्ष संपलं असं समजायचं.

त्याने बारा महिन्यांची बेरीज मारली, परत मारली, आणि पै न पै जुळल्यावर घसा साफ करून म्हणाला, "चार लाख अठ्ठावन्न हजार तीनशे चाळीस."

"बाप रे!" गुंज म्हणाली आणि आकडा टाकला.

तेव्हा त्याला त्या 'बाप रे'चं बरंच वाटलं होतं.

*

महिन्याभराने निर्णय आला. फी पूर्ण मंजूर, ती थेट विद्यापीठाकडे जाणार. राहण्याखाण्यासाठी पूर्ण रक्कम असते दरमहा नऊ हजार. गुंजेला मंजूर झाले दोन. बारा दिवसांत कर्जाला होकार कळवायचा, नाहीतर विद्यापीठातली जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

त्या संध्याकाळी मामा आला होता. मामा म्हणजे काटेवाल्याचा मेहुणा, मालाची गाडी चालवायचा. जगातल्या प्रत्येक गोष्टीत त्याचं एक मत असायचं आणि ते गाडीच्या हॉर्नइतकंच मोठ्याने बाहेर पडायचं.

"दाजी, माझं ऐका," तो खुर्ची उलटी करून बसत म्हणाला, "सरकारचं कर्ज म्हणजे गळ्यातली घोरपड. एकदा चिकटली की सुटत नाही. उद्या पोरीला नोकरी नाही लागली तर तुमच्या दारात माणसं उभी राहतील. पेटीबिटी उचलून नेतील."

"मामा, तू वाचलंयस का काही?" गुंज म्हणाली.

"मला वाचायची गरज नाही. मी गाडीचं कर्ज फेडलंय."

"ते बँकेचं. हे निराळं आहे. यात बाबांची सही जामीन म्हणून नाहीच. कर्ज माझ्या एकटीच्या नावावर. शिकत असताना एक छदाम द्यायचा नाही. नोकरी लागल्यावरसुद्धा वर्षाला तीन लाखांच्या वर कमाई गेली तरच कापणार, आणि कापणार तेही वरच्या रकमेतूनच. शंभराला नऊ."

"म्हणजे साडेतीन लाख मिळवलेस तर?" आईने विचारलं. ती भाजी निवडत होती, पण तिचे कान सगळे इकडे होते.

"वरचे पन्नास हजार. त्याचे शंभराला नऊ म्हणजे वर्षाला साडेचार हजार. महिन्याला पावणेचारशे. पगारातूनच परस्पर जाणार. आणि नोकरी सुटली तर कापणं बंद."

काटेवाला आता पुढे सरकला. "तीन लाखांच्या खाली काहीच नाही?"

"काहीच नाही."

"म्हणजे काट्यावरचा खालचा आकडा," तो म्हणाला, आणि मामा गोंधळलेला पाहून त्याला स्फुरणच चढलं. "अरे, प्रत्येक काट्यावर दोन आकडे छापलेले असतात. जास्तीत जास्त किती तोलायचं आणि कमीत कमी किती. वरचा सगळे बघतात, खालचा कुणी बघत नाही. तीस किलोच्या काट्यावर चार लवंगा ठेवल्यास तर काटा काहीतरी सांगेल, पण त्याचं ऐकायचं नसतं. त्या आकड्याखाली तोललं नाही असंच धरायचं. यांनी माणसाच्या कमाईला खालचा आकडा छापलाय. शहाण्या माणसाने केलेला दिसतोय नियम."

"आणि व्याज?" मामाने हार मानली नव्हती.

"व्याज आहे," गुंज म्हणाली, आणि इथे तिचा आवाज थोडा उतरला. "पहिल्या दिवसापासून चढतं. कमी पगार असेल तर कापलं जातं त्याहून व्याज जास्त, म्हणजे फेडत असतानाही आकडा वाढत जाऊ शकतो. तीस वर्षांनी जे उरेल ते माफ."

"तीस वर्षं! तोवर किती सरकारं येतील नि जातील! उद्या म्हणाले माफबिफ काही नाही, तर?"

"नियम बदलू शकतात असंही लिहिलंय त्यात. बारीक अक्षरात."

"बघा! बारीक अक्षरात!" मामाने टेबलावर थाप मारली. एवढं एक तरी त्याचं खरं निघालं होतं.

पण खरा प्रश्न अजून कुणी काढला नव्हता. तो आईने काढला. "फीचं झालं. नऊ हजारांतले दोन मिळणार. वरचे सात?"

गुंजेने पत्र पुन्हा वाचलं. "आपल्या घरचं उत्पन्न सहा लाख अडुसष्ट हजार. साडेसहाच्या वर गेलं की किमान रक्कमच देतात. बाकीचं घरच्यांनी द्यावं अशी अपेक्षा आहे." मग तिने बापाकडे पाहिलं. "बाबा, दर महिन्याला सात हजार निघतील ना? तुमच्या धंद्यातून?"

तिघांच्या नजरा त्याच्यावर. मेहुण्याची जरा जास्तच.

"निघतील," काटेवाला म्हणाला. "न निघायला काय झालं?"

आई भाजी निवडायची थांबली. मान मात्र वर केली नाही.

*

न निघायला काय झालं ते त्यालाच माहीत होतं. पूर्वी दांडीचा तराजू आला की दोन तास घासूनपुसून जे मिळे ते सगळं त्याच्या मेहनतीचं. आता इलेक्ट्रॉनिक काटा येतो, गिऱ्हाइकाकडून तो पंधराशे घेतो, त्यातले अकराशे नव्या सेन्सरला जातात. वहीत पंधराशेच उतरतात. वही दरवर्षी जाड होत होती आणि खिसा पातळ. बाजारात कुणी विचारलं, "काय काटेवाले, कसा आहे धंदा?" की तो वहीचा आकडा मनात धरून "छान आहे" म्हणायचा. हळूहळू तो आकडाच त्याला आपला वाटायला लागला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. याने आपली मूठ इतकी वर्षं झाकली होती की आत काय आहे ते उघडून बघायचं त्यालाही राहून गेलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी त्याने पितळेची पेटी उचलली, चादरीत गुंडाळली आणि स्टेशनामागच्या गल्लीत जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे नेली. सात हजारांप्रमाणे चार महिन्यांची सोय होईल असा त्याचा अंदाज होता. पाचव्या महिन्याचं त्याने ठरवलं नव्हतं. पेटीशिवाय दुकान कसं चालवायचं, तेही नाही.

व्यापाऱ्याने झाकण उघडून पाहिलं, ओठ पुढे काढले. "दोन वजनं बदललेली दिसतात. शौकीन गिऱ्हाईक घेणार नाही हो. मी आपला धातूच्या भावाने घेतो." आणि त्याने अख्खी पेटी उचलून आपल्या काट्यावर ठेवली. काटा काटेवाल्यानेच गेल्या वर्षी दुरुस्त केलेला. लाल आकडे धावले, थांबले. "चौदा किलो तीनशे. चला, पितळेचा भाव लावतो, चौदाचे घ्या."

"थांबा," काटेवाला म्हणाला. "पेटी काढा आधी."

"काय?"

"पेटी लाकडाची आहे. लाकडाचे पैसे पितळेच्या भावाने घेऊ का मी?"

व्यापारी हसला. "अहो, तोटा झाला तर माझा होतोय. मी बोललो का काही? गिऱ्हाइकाला स्वतःच्या विरुद्ध भांडताना मी आजच बघतोय."

पण हाताला जी सवय लागली ती लागली. काटेवाल्याने एकेक वजन खड्ड्यातून उचलून टेबलावर मांडलं, मोठ्यापासून छोट्यापर्यंत, आणि रिकामी पेटी काट्यावर ठेवली. दोन किलो तीनशे चाळीस. एवढं लाकूड, एवढी मखमल, दोन बिजागऱ्या आणि एक कडी. तो त्या आकड्याकडे बघत राहिला.

रोज दुसऱ्याचं भांडं वजा करणाऱ्या माणसाने स्वतःचं कधी केलं होतं?

"किती म्हणता मग?" व्यापाऱ्याने विचारलं.

"नाही द्यायची," काटेवाला म्हणाला आणि वजनं परत भरू लागला. एकाच्या खड्ड्यात दुसरं जात होतं, परत काढून बसवावं लागत होतं.

"मूड गेला वाटतं. तुम्ही कारागीर लोक म्हणजे..."

"काटा रिकामाच शंभर ग्रॅम दाखवतोय तुमचा," काटेवाला जाताजाता म्हणाला. "पाठवून द्या, करून देतो."

*

दुकानात येऊन त्याने शटर अर्धं ओढलं आणि तारेवरच्या पावत्या उतरवल्या. गेल्या वर्षीची तारही फळीमागून शोधून काढली. प्रत्येक पावतीच्या मधोमध भोक. कुठे सेन्सरच्या किमतीचा शून्य गेलेला, कुठे दुकानदाराच्या सहीचं शेपूट. एकेक पावती सरळ करत, वर छोटी वजनं ठेवून दाबत, त्याने वर्षभरात गेलेलं सगळं मांडलं. दोन लाख शहाऐंशी हजार तीनशे चाळीस.

वजा करायला त्याला कागद लागला नाही. एक लाख बहात्तर हजार.

बायकोचा पगार दोन लाख दहा.

तो बराच वेळ त्या दोन आकड्यांपाशी बसला. बाहेरून कुणीतरी शटरवर टकटक केली, "आहात का?" काटेवाला दुकानात असून नसल्यासारखा, असं त्या बाजारात पहिल्यांदाच घडलं.

चोरून दुरुस्ती करता आली असती तर त्याने केली असती, हे खरं आहे. पण अर्ज गुंजेच्या नावाचा. बदल तिच्याच खात्यातून व्हायचा, सही त्याची आणि अर्ज तिचा. तिला कळल्याशिवाय पान हलणार नव्हतं.

सकाळी ती दात घासत असताना तो मागे जाऊन उभा राहिला. "गुंज, तुझा अर्ज चुकलाय."

"कुठे?"

"माझ्याकडून."

"काय चुकलंय?"

"कचेरीत सांगतो. चल माझ्याबरोबर." घरात, तिच्या आईसमोर, तो आकडा त्याच्या तोंडातून निघेना. परक्या माणसाच्या टेबलावर कदाचित निघेल असं त्याला वाटलं.

विद्यार्थी कर्जाची मदतखिडकी दुसऱ्या मजल्यावर होती. जमिनीला बोल्टने आवळलेल्या खुर्च्या, भिंतीवर नंबर दाखवणारी पाटी, आणि प्रत्येक खुर्चीत एक आई किंवा एक बाप, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. त्यांचा नंबर सत्तेचाळीस. काटेवाल्याने तेवढ्या वेळात पिशवीतल्या पावत्या तीनदा चाचपल्या.

खिडकीतल्या बाईंच्या गळ्यात साखळीला चष्मा लोंबत होता. वय निवृत्तीला टेकलेलं, आवाजात कंटाळा आणि माया दोन्ही सारख्या प्रमाणात. "बोला काका."

"उत्पन्न चुकीचं लिहिलंय."

बाईंनी उसासा टाकला. "किती लपवलंत?"

"लपवलं नाही. जास्त सांगितलं."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "काय म्हणालात?"

त्याने वही आणि पावत्या टेबलावर ठेवल्या. बाईंनी वहीची पानं उलटली, मग पावत्या उलटल्या. मग शेजारच्या खिडकीतल्या सहकाऱ्याला हाक मारली, "अहो, इकडे या, हे बघा! एकोणतीस वर्षांत पहिला माणूस!" सहकारी आला, बघून गेला. काटेवाल्याचे कान तापले.

"काका, स्वतःचा धंदा असणाऱ्याचं उत्पन्न म्हणजे धंद्याचा खर्च वजा जाता उरतं ते. अर्जात त्या रकान्याशेजारी प्रश्नचिन्ह आहे, ते दाबलं की सगळं लिहिलेलं येतं. कुणी दाबत नाही म्हणा." मग बाईंनी पेन गुंजेकडे सरकवलं. "लिही बाळ. काका, खर्च जाता किती?"

काटेवाल्याने खिडकीच्या चौकटीकडे बघितलं. तिथे कुणीतरी नखाने आपल्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं होतं.

"एक लाख बहात्तर हजार."

गुंजेचं पेन कागदावर टेकलं होतं, ते तिथेच राहिलं. "वर्षाला?" तिने विचारलं. हळूच.

"वर्षाला."

तिने लिहिलं. मान वर केली नाही. तशी मान खाली ठेवण्याची पद्धत आईची होती, ती त्याने त्या क्षणी पहिल्यांदा तिच्यात पाहिली.

बाईंनी बेरीज केली. "तीन लाख ब्याऐंशी. चार लाखांच्या आत. पूर्ण रक्कम बसते. पावत्या जोडल्यात तर पाच दिवसांत निर्णय होईल, मुदतीच्या आत." एक पावती त्यांनी उजेडासमोर धरली. "हे भोक कसलं?"

"तारेचं."

"बरं झालं. खोट्या पावत्यांना भोकं नसतात."

*

बाहेर जिन्याखाली एक बाक होता. गुंज तिथेच बसली. तो उभा राहिला.

"परवा तुम्ही म्हणालात, निघतील," ती म्हणाली. "सात हजार."

"म्हणालो."

"कुठून काढणार होतात?"

तो पेटीबद्दल बोलला नाही. हातातली वही पिशवीत सारू लागला.

"मी तिथे खोली ठरवली असती बाबा. वह्या, पुस्तकं, सगळं त्या आकड्यावर मांडलं असतं. पैसे संपल्यावर काय झालं असतं? सामान बांधून परत?" तिचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "कमी आहेत याचं मला काहीच नाही. खोटा काटा दिलात मला, त्याचा राग आलाय. तुम्ही! बाजारात कुणी असं केलं असतं तर तुम्ही दुकानासमोर उभं राहून बोंब मारली असती."

तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. शेजारून एक माणूस हातात अर्जांची चळत घेऊन धापा टाकत जिना चढून गेला.

"एक सांगू?" काटेवाला म्हणाला. "आत बाई बेरीज करत होत्या तेव्हा माझ्या ध्यानात आलं. माझं उत्पन्न जास्त धरलं तर तुला कर्ज कमी. कमी धरलं तर जास्त. म्हणजे मी खरं बोललो आणि महिन्याला सात हजारांचं ओझं तुझ्या पारड्यात टाकलं. ज्याचा बाप श्रीमंत तो हलका निघतो कॉलेजातून. हे काही बरोबर तोललं नाही सरकारने."

गुंजेने त्याच्याकडे पाहिलं. राग होताच, पण त्याच्या कडा बोथट झाल्या होत्या. "नाही तोललं बरोबर," ती म्हणाली. "मलाही ते वाचताना लागलं होतं. पण ते ओझं मला दिसतंय बाबा. किती आहे, कधी चढणार, कधी कापणार, सगळं लिहिलेलं आहे. खालचा आकडासुद्धा. तुमचं मला दिसतच नव्हतं."

"तुझा मामा म्हणेल घोरपड."

"मामाच्या गाडीचे दोन हप्ते आईने भरले होते. विचारा त्याला."

काटेवाला चमकला. "तुला कुणी सांगितलं?"

"आईने. आई सगळं सांगते. फक्त ओरडून सांगत नाही."

घरी आल्यावर त्याने बायकोलाही आकडा सांगितला, उंबऱ्यातच, चप्पल काढायच्या आधी, नाहीतर पुन्हा राहून गेला असता. ती पुस्तकांना कव्हरं घालत बसली होती. तिने डिंकाचं बोट फडक्याला पुसलं.

"एक लाख सत्तर धरून चालले होते मी," ती म्हणाली. "दोन हजार जास्तच निघाले की."

"तुला ठाऊक होतं?"

"अहो, वीस वर्षं मी या घरात किराणा भरतेय. मूठ झाकली तरी बोटांच्या फटी दिसतातच." मग थोडं थांबून, "त्या दिवशी 'निघतील' म्हणालात ना, तेव्हा मात्र भीती वाटली मला. म्हटलं, आता हा माणूस काहीतरी विकणार."

तो स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याला. दोन पेले.

*

दुरुस्त केलेला निर्णय मुदतीच्या तीन दिवस आधी आला: दरमहा नऊ हजार. होकार कळवण्याआधी गुंजेने सगळी पानं टेबलावर मांडून आईबापांना वाचून दाखवली, बारीक अक्षरांसकट. व्याजाच्या पानावर काटेवाल्याने तिला दोनदा थांबवलं. तीन वर्षांचं शिक्षण संपताना डोक्यावर एकूण किती कर्ज असेल ते तिला काढायला लावलं. तो आकडा घराच्या किमतीएवढा नव्हता, पण त्यांच्यापैकी कुणीही एकदम पाहिला नव्हता एवढा होता.

"घ्यायचं?" आईने विचारलं.

"घ्यायचं," गुंज म्हणाली आणि बटण दाबलं.

मामाने तिला आपल्या गाडीतून स्टेशनवर पोचवलं आणि वाटभर बजावलं, की नोकरी लागली तर पगार दोन लाख नव्व्याण्णव हजारच घे, म्हणजे सरकारला ठेंगा. "मामा, तुझं शिक्षण कुठे झालं रे?" तिने विचारलं, तर म्हणाला, "हायवेवर."

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी तिचा फोन येतो. आभाळाबद्दल बोलते, ढगांची उंची कशी मोजतात ते सांगते, मेसमधल्या जेवणाला नावं ठेवते. काटेवाला एका हातात फोन आणि दुसऱ्यात वही धरून बसलेला असतो. वहीच्या पानाच्या मधोमध आता एक उभी रेघ आहे. फूटपट्टीने मारलेली, जरा तिरकी.

"बरं बाबा, या महिन्याचं सांगा," ती शेवटी म्हणते.

"भांड्यासकट छत्तीस हजार दोनशे."

"आणि भांडं काढून?"

तो घसा साफ करतो. अजूनही करावा लागतो.

"तेरा हजार नऊशे," तो म्हणतो. "आता तुझं सांग. किती उरले?"

पलीकडून वहीचं पान उलटल्याचा आवाज येतो.